विचारा की ओ : वार्डाची बैठक, बॅनरवरचा खासदार आणि दोनदा फुटलेला नारळ

या खेपेला पत्रं बघतोय तर निम्म्याहून जास्त पक्षाच्या बैठकींबद्दलच आलेत, त्यातली बहुतेक भाजपच्या मंडळींचीच. नावं छापू नका असं सगळ्यांनीच लिवलंय, तर नाही छापत.

प्रश्न : सर नमस्कार. आमच्या वार्डात महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘मन की बात’ ऐकायला बोलावतात. मी पहिल्यापासनं भाजपचाच मतदार, त्यात लपवायचं काय नाही. पण कार्यक्रम संपला की नगरसेवक मोबाईलमधनं ‘अपडेट’ वाचतात, मग चहा, मग फोटो, संपलं. गटारीचं विचारलं की टेंडर झालंय म्हणतात. आम्ही आणि काय विचारायचं असतंय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : पहिल्यांदा एक समजून घ्या, ती बैठक तुमच्या गटारीसाठी बोलावलेलीच नसतीय. खाली बूथ, चार-पाच बूथ मिळून शक्ती केंद्र, त्याच्यावर मंडल, त्याच्यावर जिल्हा, आणि आपल्या एका महसुली जिल्ह्याचे पक्षानं बेळगाव महानगर, बेळगाव ग्रामीण आणि चिक्कोडी असे तीन संघटन जिल्हे केलेत. किती बूथवर किती माणसं बसून ऐकली ते फोटोसकट वर कळवायचं असतंय, म्हणून तो फोटो. 2014 च्या ऑक्टोबरपासनं हे चाललंय, शेवटचा रविवार सकाळी 11, त्यात वाईट काय नाही, निदान गल्लीतली माणसं एका ठिकाणी बसतात तरी. पण नगरसेवक समोर आयता बसलेला असतोय तर त्याला सोडायचं कशाला?

आमच्या गल्लीतला किस्सा सांगतो. मंडळाचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीचा आवाज बंद केलेला आणि नगरसेवक उभे राहून मोबाईल वर-खाली करायलेत, ह्या गल्लीत सीडी वर्कचं, म्हणजे गटारीवरच्या मोरीचं, पूजन झालं, त्या गल्लीत पेव्हर्सचं पूजन झालं. मागं एक आज्जी बसलेल्या, गुडघ्यावर पिशवी. त्या बसल्या जागेवरनंच म्हणाल्या, "त्या जागेवर मागल्या वर्षीबी नारळ फुटलाय की रे बाळा, ताट मीच धरलेलं." हॉलमध्ये हशा. नगरसेवकबी हसले, पण मग गप झाले आणि कुणाला तरी फोन लावला, तेव्हा कळलं की मागल्या वर्षीची वर्क ऑर्डर शेजारच्या गल्लीची होती आणि आमच्या गल्लीचं नुसतं एस्टिमेट होतं. म्हणजे एस्टिमेटवरच नारळ. सांगायचं काय, टेंडर झालंय का असं विचारू नका, त्याला ‘झालंय’ एवढंच उत्तर येतंय. वर्क ऑर्डर कुठल्या तारखेची, काँट्रॅक्टर कोण, मुदत किती आणि पैसे कुठल्या फंडातले ते विचारा. फंडाचं तर नक्कीच विचारा, कारण बॅनरवर सगळ्यांचेच फोटो असतात पण पैसा एकाचाच असतोय. महापालिकेचा स्वतःचा पैसा वेगळा, आमदाराचा फंड वर्षाला 2 कोटी, खासदाराचा 5 कोटी, पीडब्ल्यूडीचं आणखी वेगळं, शिवाय बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत 2016 सालीच होतं त्यामुळं काही रस्ते त्या खात्यातनं झालेत. ज्याचा पैसा त्याला विचारलं तरच उत्तर मिळतंय, नाहीतर नगरसेवक आमदाराकडं बोट दाखवणार आणि आमदार महापालिकेकडं, आणि तुम्ही मधल्या मधी.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. गावात बॅनर लागला की त्यावर कधी शेट्टर साहेब खासदार म्हणून असतात तर कधी कागेरी. कामाचं निवेदन द्यायचंय, आमचा खासदार नेमका कोण?

उत्तर : कागेरी. विश्वेश्वर हेगडे कागेरी, पूर्वी विधानसभेचे सभापती होते ते. खानापूर आणि कित्तूर हे दोन मतदारसंघ जिल्ह्यानं बेळगावचे पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये जातात, म्हणजे कारवार, शिरसी, भटकळच्या बरोबर. जगदीश शेट्टर बेळगाव लोकसभेचे, तिथं तुमचं मतच नाही. 2024 ला तुमच्याच माजी आमदार अंजली निंबाळकर कागेरींच्या विरोधात काँग्रेसकडनं उभ्या होत्या, आठवत असेल. बॅनर छापणारा पोरगा बेळगावच्या प्रेसमधली तयार फाईल वापरतोय, त्याला मतदारसंघाशी काय देणंघेणं नाही! आमदार मात्र तुमचे तुमच्याच तालुक्यातले, विठ्ठल हलगेकर, 2023 पासनं.

हा घोळ तुमचाच आहे असं समजू नका. काकती, कडोलीची माणसं बेळगाव तालुक्यातली, रोज बाजाराला बेळगावात, पण आमदार यमकनमर्डीचा आणि खासदार चिक्कोडीचा. तिथनं एकजण शेट्टर साहेबांच्या ऑफिसात निवेदन देऊन आला, पोचपावती घेतली, फोटो काढला, आणि वर्षभर वाट बघत बसला. चिक्कोडीच्या खासदार प्रियांका जारकीहोळी आहेत, काँग्रेसच्या. पक्ष आवडो न आवडो, सहीचा अधिकार त्यांच्याकडंच.

प्रश्न : आमचे बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे कट्टर. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी हुतात्मा चौकात, 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवादिवशी काळी फीत. मी दोन वर्षं झाली भाजपच्या युवा मोर्चात जातोय. जेवायला बसलं की विषय निघतोच, आई वैतागलीय. मी चुकतोय काय?

उत्तर : ताट बाजूला सारण्याएवढं भांडण नाही हे. तुमच्यासारखी घरं गल्लीगल्लीत आहेत. आकडेच बघा की, बेळगावचे भाजपचे खासदार सुरेश अंगडी वारल्यावर एप्रिल 2021 मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली, समितीच्या शुभम शेळकेंना 1 लाख 17 हजारांवर मतं पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसपेक्षा जेमतेम 5 हजार मतं जास्त घेऊन निवडून आल्या. पाच महिन्यांत महापालिकेची निवडणूक, पहिल्यांदाच पक्षाच्या चिन्हावर, आणि 58 पैकी 35 जागा भाजपला. मतदार काय पाच महिन्यांत बदलले? तीच घरं ओ, तेच बाबा आणि तेच चिरंजीव. नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला पहाटे पांढरे कपडे घालून दोघं शेजारी शेजारीच पळत असतील.

आता बाबांची बाजू घेऊन तुम्हाला विचारतो. डिसेंबर 2022 मध्ये इथं सुवर्णसौधमध्ये कर्नाटकच्या विधानसभेनं ठराव केला, एक इंचही जमीन देणार नाही, 22 तारखेला. पाचच दिवसांनी 27 तारखेला नागपुरात महाराष्ट्रानं ठराव केला, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि 865 गावांची इंच न् इंच जमीन घेणार. दोन्ही ठराव एकमतानं आणि तेव्हा दोन्हीकडं सत्तेत तुमचा पक्ष. मोर्चाच्या पुढच्या बैठकीत हे उभं राहून विचारायचं धाडस तुमच्यात आहे काय? सीमेचं राहू द्या, ते 2004 पासनं सुप्रीम कोर्टात आहे, निदान महापालिकेची कागदं मराठीतनं मिळायची बात तरी काढा, पाठीवर थाप मारणारे किती आणि डोळे वटारणारे किती ते तिथल्या तिथं कळेल.

आणि तुमची बाजू घेऊन बाबांना. समितीचे दोन आमदार शेवटचे निवडून आले 2013 ला, बेळगाव दक्षिणमधनं आणि खानापुरातनं. 2018 ला शून्य, 2023 लाही शून्य. गट किती झाले ते बाबांना मोजायला लावा, पण जेवण झाल्यावर.

मला स्वतःला विचाराल तर पोरानं जिथं जायचंय तिथं जावं. फक्त साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर बांधण्यापुरताच मोर्चा असेल तर बाबांचं ऐकलेलं बरं.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज मराठीत दिला तर घेत नाहीत. कन्नड लिहिता येत नाही. मग?

उत्तर : हिंदीत लिवा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट आहे, मराठी त्यात बसत नाही हे खरं, पण देवनागरी लिवता येतंय म्हटल्यावर अडायचं काय कारण? 10 रुपये फी, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, हे विसरू नका. आपली माणसं 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासनं सुरू करतात आणि गटारीपर्यंत येईतोवर शब्द संपलेले असतात. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतंय.

प्रश्न : पक्षाची पोरं पदवीधर मतदारनोंदणीचा फॉर्म घेऊन आलेली. मागं एकदा नाव घातलंय, परत कशाला?

उत्तर : परत घालावंच लागतंय. विधानसभेच्या यादीसारखी ती यादी पुढं चालत राहत नाही, दर निवडणुकीला नव्यानं करतात. आपला विधान परिषदेचा वायव्य पदवीधर मतदारसंघ बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून आहे, 2022 ला हणमंत निराणी आले भाजपचे, मुदत सहा वर्षं. फॉर्म 18 नंबरचा, आणि डिग्री मिळून तीन वर्षं झालेली पाहिजेत, ती मोजतात 1 नोव्हेंबर ही तारीख धरून. आमच्याकडं ही तारीख भलत्याच कारणासाठी पाठ असते, आता या कारणासाठीबी ठेवा. फॉर्म पोरांच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, झेरॉक्स आणि पोचपावती मागा. आणि मत देताना फुली मारायची नाही, 1, 2 असे पसंतीचे आकडे घालायचे, तेबी तिथं दिलेल्या पेननंच. स्वतःच्या खिशातलं पेन काढलं की मत बाद. शिकलेल्या माणसांचीच मतं यात जास्त फुकट जातात, हसू नका, आमच्या घरातलंच एक गेलंय.

प्रश्न : जिल्हा पंचायत सदस्य म्हणून एकजण आमच्या गावात सत्कार घेऊन गेले. कुठल्या पार्टीचे ते सोडा, पण निवडणूक झाली कधी?

उत्तर : झालीच नाही. जिल्हा पंचायत, तालुका पंचायत दोन्हींची मुदत 2021 लाच संपली आणि पुढं बरीच वर्षं कारभार अधिकाऱ्यांकडंच. ते माजी असणार, ‘माजी’ हा शब्द बॅनरवर बारीक छापतात. शाल परत मागायला जाऊ नका. पण रस्त्याचं निवेदन त्यांच्या हातात दिलं असेल तर ते मागून घ्या आणि पीडीओकडं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं द्या, इनवर्ड नंबर घालून.