मैफलीत वाजली तर कला, नाटकात वाजली तर नाद?

प्रश्न : मी सांगलीचा. मुलगी सतरा वर्षांची, नुकतीच बारावी (विज्ञान) दिली आहे. हार्मोनियमची ‘मध्यमा पूर्ण’ झाली. आम्ही मोठ्या मनाने तिला संगीतात करिअर करायची परवानगी दिली आहे, पण फक्त एकल वादन आणि मैफल यांच्यापुरती. गेल्या वर्षापासून ती एका हौशी संस्थेच्या संगीत नाटकाला ऑर्गन वाजवते, कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीतही करते. जाणकार सांगतात की नाटकात वाजवलं की हात बिघडतो. जूनमध्ये नव्या तालमी सुरू होतील, त्यांना जाणार नाही असं आम्ही तिच्याकडून लिहून घेतलं आहे. ‘मला दोन्ही आवडतं,’ असं ती म्हणते, पण वय लहान आहे. विशारद, अलंकार, मग रेडिओची ऑडिशन हा क्रम बरोबर आहे का? एकल वादक म्हणून ती किती वर्षांत कमावती होईल?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा नजर एकाच जागी अडली, ‘लिहून घेतलं आहे’ या शब्दांपाशी. कशावर घेतलंत? वहीच्या पानावर? खाली सही, तारीख? सतरा वर्षांच्या मुलीकडून असा कागद घ्यायला तिने केलं काय होतं? एका संस्थेच्या नाटकातली पदं वर्षभर सांभाळली, एवढंच तर पत्रात दिसतं.

अख्ख्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, तीन शब्दांचं. ते संपतं न संपतं तोच तुमचा ‘पण’ येतो. परवानगी मोठ्या मनाने दिली म्हणता, मात्र तिच्यासोबत अटही घातलीत आणि ती अट वाद्य ठाऊक नसताना घातलीत. इंजिनिअरिंगचा आग्रह धरणाऱ्या घरातला दबाव निदान ओळखू येतो. ‘संगीत कर, पण आम्हाला प्रतिष्ठेचं वाटतं तेवढंच’ हा दबाव आधाराच्या वेषात येतो, म्हणून मुलीला त्याच्याशी भांडताही येत नाही. भांडली तर कृतघ्न ठरते. तिने सही केली ती पटलं म्हणून नसेल, वाद मिटावा म्हणून असेल.

आणि हे सांगलीत! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ जिथे उभं केलं त्या गावात नाटकाला कमीपणा चिकटवायचा, म्हणजे कमालच झाली.

आता हात बिघडण्याचं. ही समजूत पेटीवाल्यांमध्ये फार जुनी आहे आणि ती निखालस खोटी नाही, म्हणूनच ती मरत नाही. हार्मोनियममध्ये डावा हात भात्यावर असतो. स्वराचं लहानमोठं होणं, श्वास घेतल्यासारखं थांबणं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा म्हणजे मींडेचा भास हे सगळं त्या हातातून येतं. ऑर्गनला हवा पायांनी मिळते, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. वर्षभर फक्त ऑर्गन वाजवला की भात्याचा हात आळसावतो आणि पेटीवर बसल्यावर स्वर सपाट निघतो. शिवाय पद चार-पाच मिनिटांचं, त्यामुळे बोटांना छोट्या, चमकदार जागा भरायची सवय लागते. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, स्वरावर थांबायचा धीर सुटतो. बिघडतं ते एवढंच, आणि त्यावर उपायही साधा आहे. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा अर्धा तास फक्त भाता. एक स्वर धरायचा, सावकाश वीस अंक मोजेपर्यंत त्याचा आवाज तसूभर चढू किंवा उतरू द्यायचा नाही. मग तोच स्वर हळूहळू मोठा, हळूहळू लहान. आठवड्यातून तीन दिवस एकाच रागाचा विलंबित ख्याल तासभर. हे सांभाळलं तर हात जात नाही. जो रियाज करत नाही त्याचा हात मैफलीतही बिघडतो.

नाटक देतं काय, तेही ऐका. एकल वादक बहुधा आपल्या एक-दोन ठरलेल्या पट्ट्यांत वाजवतो (पट्टी म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते). नाटकात नायक काळी एकमध्ये गातो, पुढच्या प्रवेशात नायिका काळी चारमध्ये. नट बदलला की तेच पद पांढरी पाचमध्ये जातं. स्केल चेंजर पेटीत पट्टी सरकवता येते, ऑर्गनला सहसा ती सोय नसते. म्हणजे पट्टी बदलली की त्याच पदाची बोटं नव्याने बसवायची. वर्षभर हे केलेल्या मुलीपुढे उद्या कुठलाही गायक बसला आणि ऐनवेळी ‘आज अर्धा स्वर खाली घेऊ’ म्हणाला, तरी ती घाबरणार नाही.

तिची पदांची वही कधी पाहिलीत का? नसेल तर मागून घ्या. बरी वही अशी असते : अंक दुसरा, प्रवेश पहिला. पदाआधीचं शेवटचं वाक्य पूर्ण लिहिलेलं, त्यातल्या ज्या शब्दावर सूर द्यायचा त्याखाली रेघ. पट्टी. लय. तबला पहिल्या ओळीला की दुसऱ्या. नट श्वास कुठे घेतो. तो अंतरा विसरला तर कुठल्या ओळीवर मुखडा पकडायचा. सूर द्यायचा तो वाक्य सुरू असताना, इतका हलका की नटाला मिळावा आणि प्रेक्षकाला कळू नये. उशीर झाला तर नट भलत्याच सुरात उचलतो. मोठा दिला तर वाक्य मरतं. गाणाऱ्याच्या मनात काय आहे हे अर्धा क्षण आधी ओळखणं, साथीचा सगळा कस यात आहे.

इथे तुमचा मूळ प्रश्नच बदलायला हवा. ‘एकल वादक म्हणून किती वर्षांत कमावेल?’ स्पष्ट सांगते : निव्वळ एकल हार्मोनियमवर वर्षभराचं घर चालवणारे फार थोडे. पेटीवाल्याची कमाई साथीतून येते : गायकाची साथ, कथकची साथ, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, नाटक, शिकवण्या, रेकॉर्डिंग. एकल वादन नाव देतं, रोजगार साथ देते. तुम्ही तिच्या कागदावर नेमकी रोजगाराची बाजू बंद करून घेतलीत.

मैफल आणि रंगभूमी या दोन वेगळ्या जाती आहेत, हेही आपल्याकडच्या इतिहासात बसत नाही. गोविंदराव टेंबे पेटीचे नामवंत वादक, १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच. एकल तबल्याचा मानदंड मानले जाणारे अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत साथीला होते. जितेंद्र अभिषेकी मैफलीचे गवई, १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’चं आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’चं संगीत त्यांचं. गोविंदराव पटवर्धन नाटकात ऑर्गन वाजवत आणि मैफलीत पेटी. कुणाचा हात कशाने बिघडला? आणि ज्या रेडिओचं नाव तुम्ही आदराने घेता, त्या आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवरच बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली. नाटकात पेटी त्या काळातही वाजत होती.

परीक्षांचा क्रम ठीक आहे : विशारद कराच, ऑडिशन हात तयार झाल्यावर, अलंकार जमेल तसं. पदवी संगीतात करायची तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत आणि नाट्य एकाच आवारात शिकवतात. विज्ञानातच पदवी घेऊन गुरूकडे शिकणं हाही धड मार्ग आहे. निवड तिची. अठरा पूर्ण झाल्यावर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीला अर्ज करू द्या. ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये.

खरी अडचण येते ती वेळापत्रकाची. मैफलींचा भर दिवाळीनंतर थंडीत असतो आणि राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही साधारण त्याच सुमारास येते. दोन्हीकडे ‘हो’ म्हणून ऐनवेळी एकाला तोंडघशी पाडलं की नाव खराब होतं, आणि या क्षेत्रात ते लवकर धुतलं जात नाही. प्रत्येक नाटकासाठी तिने एक बदली वादक तयार ठेवावा, त्याला वहीची प्रत द्यावी, निदान दोन तालमींना बसवावं. वर्षाला एक संगीत नाटक आणि एक एकांकिका, सध्या यापुढे नको.

पैशांचं आधी बोलायला शिकवा. नाटकात ‘नाईट’ म्हणजे मानधन प्रयोगाचं मिळतं, महिना-दीड महिन्याच्या तालमी बहुतेक वेळा त्यातच गृहीत धरतात. हौशी संस्थेत फुकट वाजवणं शिकण्यापुरतं ठीक, पण प्रवास आणि जेवण संस्थेचं हवं. पार्श्वसंगीत रेकॉर्ड करून दिलं तर ते किती प्रयोगांसाठी आणि दुसऱ्या संचाने वापरलं तर काय, हे मेसेजवर का होईना लिहून घ्यावं. (कागदाची हौस इथे भागवा.) मिळेल ती रक्कम बँकेत, आणि कमाई नियमित झाली की आयकर विवरणपत्र दरवर्षी. पुढे कर्ज मागायला गेल्यावर कलाकाराकडे दाखवायला तेवढंच असतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत, आणि बाप म्हणून विचारायला हवी होती ती हीच. दौऱ्यावर सोबत कोण असतं? रात्री दीडला प्रयोग आवरल्यावर गाडी कुणाची, मुक्काम कुठे, मुलींची खोली वेगळी का, जबाबदार माणसाचा नंबर कुणाकडे? बोटांची काळजी करून झाली, आता ही करा. संस्थेच्या व्यवस्थापकाला एकदा भेटा. उत्तरं धड मिळाली नाहीत तर त्या संस्थेला खुशाल नाही म्हणा, पण कारण हे सांगा.

तालमी जूनमध्ये आहेत, म्हणजे दिवस थोडे आहेत. ते पान तिच्या हातात परत द्या. फाडायचं की वहीत ठेवायचं, ते तिचं ती बघेल. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला काय विचारायचं आहे, ते अजून मला कळलेलंच नाही.