फतवा काढत नाहीत, देतात

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमधून कुत्री नेऊ नयेत अशी नोटीस लावली. शेजारी म्हणाले, फतवा काढलाय. हे बरोबर आहे का? आणि फतवा, फितूर, फितवणे हे एकाच कुळातले शब्द का?'

पहिल्याचं उत्तर आधी देते. बरोबर नाही. वर्तमानपत्रांत हा शब्द रोज असाच वाचावा लागतो. गणवेशाबद्दल शाळेचा फतवा, सुट्ट्यांबद्दल आयुक्तांचा फतवा, उमेदवारीबद्दल पक्षाचा फतवा. यातलं एकही फतवा नाही. हे हुकूम आहेत, आदेश आहेत, फार तर फर्मानं आहेत. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने दिलेलं मत. कुणी विचारलंच नसेल तर फतवा निघत नाही. विचारणारा तो मुस्तफ्ती, सांगणारा तो मुफ्ती. मत पटलं नाही तर विचारणारा दुसऱ्या मुफ्तीकडे जायला मोकळा असतो. बांधून ठेवतो तो काझीचा निवाडा; मुफ्तीच्या मताला ती ताकद नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये हेच स्पष्ट केलं: फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावरही लादता येत नाही.

मराठीत घोळ का झाला? माझ्या मते सगळा दोष 'काढणे' या क्रियापदाचा. आपण मत देतो, सल्ला देतो, कौल देतो. पण आदेश काढतो, वॉरंट काढतो, जीआर काढतो. फर्मान हा शब्द ऐतिहासिक नाटकांत जाऊन बसला आणि त्याची जागा रिकामी झाली. तितकाच भारदस्त, फ-ने सुरू होणारा फतवा तिथे येऊन बसला, आणि फर्मानाचं क्रियापदही त्याच्या गळ्यात पडलं. 'फतवा दिला' म्हणून पाहा, अर्थ लगेच जागेवर येतो.

फतवा कसा दिसतो हे एकदा जवळून पाहिलं की पुन्हा चूक होणार नाही. तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात शेख-उल-इस्लामच्या, म्हणजे सर्वोच्च मुफ्तीच्या, कचेरीत प्रश्न आला की आधी त्यातली खरी नावं काढून टाकत. पुरुष असेल तर झैद, दुसरा पुरुष अम्र, बाई असेल तर हिंद. आपण गणितात अ आणि ब म्हणतो तसंच. 'झैदने अम्रला घर विकलं, पैसे घेतले, पण ताबा दिला नाही, तर अम्रला पैसे परत मागता येतील का?' अशा थाटात प्रश्न लिहायचा. त्याखाली उत्तर पुष्कळदा एका शब्दाचं: 'ओलूर', म्हणजे चालेल, किंवा 'ओलमाझ', म्हणजे चालणार नाही. अरबी फतव्यांच्या शेवटी 'वल्लाहु आलम' लिहायची रीत आहे: खरं काय ते अल्लाच जाणे. सोसायटीच्या नोटिशीखाली असं वाक्य कुणी लिहील का?

कैरोत 1895 मध्ये दार-अल-इफ्ता, म्हणजे फतव्यांची सरकारी कचेरी, सुरू झाली. 1899 पासून 1905 पर्यंत मुहम्मद अब्दुह तिथे प्रमुख मुफ्ती होते. 1903 मध्ये त्यांच्याकडे दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधून तीन प्रश्न आले. युरोपीय टोपी घातली तर चालेल का? ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या पद्धतीने मारलेल्या जनावराचं मांस खावं का? शाफी माणसाने हनफी इमामामागे नमाज पढावी का? (शाफी आणि हनफी या इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा.) तिसरा प्रश्न कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल, कारण कोकणी मुसलमान शाफी आणि देशावरचे बहुतेक हनफी. अब्दुहंनी तिन्हींना होकार दिला आणि मांसाच्या उत्तरावरून इजिप्तमध्ये मोठं वादळ उठलं. प्रमुख मुफ्तींचं मत असूनही लोक त्यावर उघड भांडू शकले, कारण ते मतच होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे येते. शब्द आला कुठून?

एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं की फतवा हा 'फत्ते'चा भाऊ: जिंकणाऱ्याचा हुकूम तो फतवा. हे साफ चूक आहे. फत्ते म्हणजे अरबी फतह, आणि त्याच्या धातूत शेवटी घशातला ह आहे. मराठीत तो गळाला म्हणून दोन्ही शब्द सारखे वाटतात. फतव्याच्या धातूत तो ह कधीच नव्हता. तिथे फ, त आणि शेवटी य किंवा व असा अर्धस्वर आहे, आणि त्याच धातूचा 'फता' म्हणजे तरुण, पोऱ्या, उमदा गडी.

तरुण आणि कायद्याचं मत यांचा संबंध काय? इथे अरबी कोशकारांचंच जमत नाही. दहाव्या शतकातला इब्न फारिस, जो धातूंच्या अर्थांवर जगला, तो म्हणतो हे दोन वेगळे धातू: एक ताजेपणाचा, दुसरा निर्णय स्पष्ट करण्याचा. तेराव्या शतकात 'लिसान अल-अरब' हा अवाढव्य कोश रचणारा इब्न मंझूर मात्र दोन्ही जोडून दाखवणारं स्पष्टीकरण देतो: जे गोंधळाचं आहे त्याला मुफ्ती आपल्या विवेचनाने बळ देतो, मग ते वयात येतं, फता होतं, धट्टंकट्टं होतं. इब्न फारिसचा दरारा मला ठाऊक आहे, तरी इथे त्याने कात्री फार लवकर चालवली असं माझं ठाम मत आहे. लुळापांगळा प्रश्न उत्तर मिळून स्वतःच्या पायांवर उभा राहतो, हे चित्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोश मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

कुराणातल्या युसुफच्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. शहरातल्या बायका युसुफला त्याच्या मालकिणीचा 'फता' म्हणतात, त्याच्याबरोबर तुरुंगात दोन 'फता' येतात, आणि पुढे इजिप्तचा राजा दरबाऱ्यांना म्हणतो, 'अफ्तूनी', माझ्या स्वप्नाबद्दल मला फतवा द्या. राजा मागतो आहे, देत नाही! दुसऱ्या एका सूऱ्यात सबाची राणीही सरदारांना हाच शब्द वापरते, या बाबतीत मला सल्ला द्या. त्यावर ते म्हणतात, आम्ही बळकट आहोत, पण 'अम्र' तुमच्याकडे. हा अम्र म्हणजे हुकूम, वरच्या झैद-अम्रमधलं नाव नव्हे. फतवा आणि हुकूम लागोपाठच्या दोन आयतांत, आणि दोन वेगळ्या माणसांकडे.

याच फताचं भाववाचक नाम फुतुव्वा, म्हणजे मर्दानी उमदेपणा. बगदादचा खलिफा अन-नासिर (कारकीर्द 1180 ते 1225) याने फुतुव्वा नावाच्या बिरादऱ्या आपल्या हाताखाली आणल्या. दीक्षेच्या वेळी नव्या गड्याला खारट पाण्याचा प्याला पाजत आणि सरवाल नेसवत, म्हणजे आपली सुरवार. नंतर कैरोच्या गल्ल्यांत फुतुव्वा म्हणजे मोहल्ल्याचा दादा झाला, जो वस्तीचं रक्षण करी आणि वसुलीही करी. मुफ्ती आणि दादा एका धातूचे! मराठीने फतव्याला दादागिरीचा अर्थ दिला तो फुतुव्वाकडून आलेला नाही, हे मला मान्य आहे. पण रक्त एकच.

'राजाने मागितलेला फतवा हुकूमच ठरतो' असं काही अभ्यासक म्हणतात, पण मला ते पटत नाही. 14 नोव्हेंबर 1914 रोजी इस्तंबूलच्या फातिह मशिदीत शेख-उल-इस्लामचे जिहादचे पाच फतवे वाचले गेले. तेही प्रश्न आणि होकार याच साच्यातले होते. सुलतान स्वतः खलिफा, मागे सगळं साम्राज्य. तरी मक्केचे शरीफ हुसेन यांनी त्या फतव्यांना दुजोरा दिला नाही, आणि जून 1916 मध्ये त्याच ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर सौदी अरेबियात परक्या फौजा बोलवायला तिथले ज्येष्ठ धर्मपंडित शेख इब्न बाझ यांनी अनुकूल मत दिलं, आणि अरब जगातल्याच दुसऱ्या उलेमांनी नेमकं उलट मत दिलं. हुकूम असा समोरासमोर उभा राहत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. फितूर वेगळ्या कुळातला. त्याचा धातू फ-त-र, आणि मूळ अर्थ ढिलं पडणं, जोर ओसरणं. निष्ठा ढिली पडली की माणूस फितूर. फितवणे त्याच्याच वळचणीला. फतव्याशी त्यांचा संबंध नाही. आणि सेक्रेटरींनी लावली ती नोटीस. शेजाऱ्यांना ती फारच जाचक वाटली असेल तर त्यांनी खुशाल फर्मान म्हणावं.