पंप फिरतो पण पाणी उचलेना

प्रश्न : काका नमस्कार. थोरल्या भावानं मागच्या वर्षी एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, बेसिन, छोटं टॉयलेट असं सगळं करून घेतलं. आमच्या मायचे गुडघे गेलेत, देवाला जायचं तर तिला लॉजचे जिने चढवत नाहीत, म्हणून हा खटाटोप. गाडीच्या खाली ८० लिटरची टाकी हाय अन् तिच्या वर ओट्याखालच्या कप्प्यात १२ व्होल्टचा पंप. दिवाळीपासून गाडी अंगणात उन्हात उभीच होती. परवा टँकरचं पाणी भरून तुळजापूरला निघालो, औशाच्या पुढं मायला तोंड धुवायला नळ सोडला तर पंप नुसता घर्रर्र करायला, पाणी येईना. मधूनच फुर्र करून चुळकाभर येतं अन् परत बंद. दुकानवाला म्हणायला पंप गेला, नवीन टाका. आधी चांगला चालायचा तेव्हा बी रात्री सगळे नळ बंद असताना दहा-पंधरा मिनिटाला एकदा टुक करून चालू व्हायचा. त्याचा याच्याशी काही संबंध हाय का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : भाऊ, नवीन पंप एवढ्यात घेऊ नका. पंप दमात फिरायलाय म्हणजे बॅटरी, फ्यूज, वायर ठीक आहे, तिकडं वेळ घालवू नका. फिरतो पण फुर्र फुर्र करतो ही हवा धरल्याची खूण आहे. विहिरीवरच्या मोटरनं हवा धरली तर आपण लगेच मोटर बदलत नाही, आधी सक्शन म्हणजे पाणी ओढणारा पाईप अन् त्याच्या बुडाचा फूटव्हॉल्व्ह बघतो, इथंही तेच करायचं.

घरी फवारणीचा बॅटरी पंप असेल तर त्यातली मोटर आठवा, गाडीतला पंप त्याच जातीचा. आत एक रबरी पडदा असतो, तो मागं गेला की पाणी ओढतो, पुढं आला की ढकलतो, अन् नळ बंद करून पाईपात दाब भरला की प्रेशर स्विच त्याला थांबवतो. याला वरून पाणी ओतून प्रायमिंग करावं लागत नाही, टाकीतलं पाणी तो स्वतःच वर उचलतो, पण सक्शनला कुठं जरी बारीक फट असली तरी पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो. आणि लोक फसतात ते इथंच, कारण नळाकडचा पाईप गळाला तर थेंब दिसतो, सक्शनचा गळाला तर बाहेर सगळं कोरडं ठणठणीत, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडून नळ सोडा. पाणी आलं तर टाकीची हवेची नळी बंद आहे, उभ्या गाडीच्या अशा नळीत कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते, तार घालून साफ करा, काम झालं.

नाही आलं तर बादलीची टेस्ट. पंपाचा टाकीकडचा पाईप काढा, तिथं हातभर चांगला पाईप घट्ट बसवून त्याचं तोंड भरल्या बादलीत बुडवा, दुसऱ्या बाजूचा पाईपही त्याच बादलीत सोडा म्हणजे पाणी फिरत राहील. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्या भागात टेस्टिंगसाठी बादली बादली पाणी वाया घालवायला माझा जीव होत नाही. पंपानं बादलीतलं पाणी उचललं तर पंप चांगला आहे अन् दोष टाकी ते पंप या दोन-तीन फुटांत आहे.

तिथं माझा पहिला संशय जाळीच्या वाटीवर. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची छोटी वाटी असते, तिच्यात रबरी रिंग. मी अशीच एका उभ्या गाडीची वाटी उघडली होती, रिंग एका बाजूनं पार चपटी झालेली, नखानं दाबली तर बारीक भेगा दिसायला लागल्या. नवीन रिंग काही रुपयांत मिळते. तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगतं. जाळीत टँकरचा गाळ अन् क्षाराच्या पांढऱ्या खपल्या असणारच, त्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून धुवा. मग क्लॅम्प आवळा, उन्हानं पाईप कडक झाला असेल तर टोक दोन बोटं कापून नव्यानं चढवा. तरी सापडेना तर टाकी ते पंप एवढा तुकडा पारदर्शक पाईपचा टाका अन् पंप चालू करा, बुडबुड्यांची रांग निघते, ती जिथून सुरू होते तिथंच फट.

बादलीतूनही उचलला नाही तर मग दोष पंपाच्या आत. आतल्या रबरी व्हॉल्व्हखाली वाळूचा एक कण अडकला तरी एवढं होतं. उदगीरला अशा गाड्यांचा मेकॅनिक मिळणं अवघड, पण फवारणी पंप दुरुस्त करणारा किंवा घरच्या आरओचा मेकॅनिक हे उघडून धुऊन देतो, व्हॉल्व्ह अन् पडद्याचं किटही बदलून देतो. एक मात्र हात जोडून सांगतो, औषध मारलेल्या फवारणी पंपाची मोटर काढून गाडीत बसवू नका, कितीही धुतली तरी नाही, त्या पाण्यानं तुमची माय चूळ भरणार आहे.

रात्रीच्या टुकटुकचं कारण म्हणजे दाब कुठूनतरी हळूहळू उतरतो. झोपताना प्रत्येक नळाखाली अन् फ्लशच्या जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, सकाळी ओला कुठला ते दिसेल. सगळे कोरडे असतील तर पंपातल्या व्हॉल्व्हमधून पाणी मागं टाकीत उतरतंय, म्हणजे तोच गाळ, अन् त्या हिशोबानं दोन्ही तक्रारींचं मूळ एक असू शकतं. तोपर्यंत रात्री पंपाचा स्विच बंद करा अन् मायच्या उशाशी एक तांब्या भरून ठेवा.