पिकाचूला टीममधून काढू का?

वाचकांचे प्रश्न, पोकेमॉन बॅटल विशेष

यावेळी पत्रं कमी आणि स्क्रीनशॉट जास्त आलेत, त्यातले दोन तर कुणीतरी हलत्या एसटीत बसून काढलेत बहुतेक. पण सगळ्यांचं रडगाणं फिरून फिरून एकच, पोकेमॉन एवढे तगडे असून आपण हरतो का. चला बघू.

प्रश्न : दादा, मी सातवीत आहे, मालवणात राहतो. मे महिन्यात मुंबईचा चुलतभाऊ आला होता, त्याच्याशी शोडाउनवर (पोकेमॉन लढवायची साइट) डबल बॅटल खेळलो, म्हणजे एका वेळी दोघांसमोर दोघे. १४ मॅच झाल्या, १३ हरलो आणि एक त्याचं नेट गेलं म्हणून जिंकलो. माझी टीम चारिझार्ड, ग्याराडोस, ड्रॅगोनाइट, सॅलमेन्स, गारचॉम्प आणि पिकाचू. सगळ्यांना चार-चार अटॅक दिलेत, एकही मूव्ह फुकट घालवलेली नाही. त्याच्याकडे टायरेनिटार, हॅटरीन आणि ते टॉरकोल कासव असतं, एवढे स्लो की झोप येईल, तरी पहिले तेच मारतात! वर म्हणतो पिकाचू काढ, तो बारक्या पोरांचा. गणपतीत परत येणार आहे. माका सांग, काय करूचा?

उत्तर : नेट गेलं म्हणून जिंकलो हे स्वतःहून लिहिलंस, त्याबद्दल आधी शाबासकी. आणि पिकाचू काढायचा नाही, त्याच्यावर मी येतोच, आधी बाकीच्या पाच जणांची हजेरी घेऊ.

एक कागद घे, सहाही नावं लिही आणि प्रत्येकासमोर रॉक म्हणजे दगडाची मूव्ह किती लागते ते लिही. चारिझार्डला ४ पट, ग्याराडोस, ड्रॅगोनाइट, सॅलमेन्सला दुप्पट. म्हणजे सहातले चार उडणारे आणि चौघांनाही दगड लागतो, आणि टायरेनिटारचा रॉक स्लाइड समोरच्या दोघांना एकदम बसतो. दोघांना बसतो म्हणून ताकद पाऊण होते खरी, पण ज्याला बसला तो ३० टक्के वेळा दचकून आपली पाळीच घालवतो. आता त्याच कागदावर आइस लिही, ड्रॅगोनाइट, सॅलमेन्स, गारचॉम्प, तिघांनाही ४ पट. तू सहा पोकेमॉन निवडले नाहीस रे, एकच पोकेमॉन सहा वेळा निवडलास, फक्त रंग वेगळे. भावाने काही मोठं डोकं लावलेलं नाही, त्याने दगड उचलला आणि चार कैऱ्या पाडल्या.

आता ते स्लो असून पहिले कसे मारतात. हॅटरीन ट्रिक रूम लावते, त्यात ५ टर्न उलटा कारभार, जो सगळ्यात स्लो तो आधी. टॉरकोलचा बेस स्पीड, म्हणजे मूळ वेग, २० आहे, ट्रिक रूममध्ये तो राजा. त्याच्या इरप्शन ह्या फायर मूव्हची पॉवर एचपी (उरलेला जीव) फुल असताना १५०, आणि तोही तुझ्या दोघांना लागतो, वर तो मैदानात आला की ऊन पाडतो त्यामुळे फायर मूव्ह दीडपट. पण गंमत बघ, पिकाचू सोडला तर तुझे पाचही जण फायर निम्मंच खातात! आणि टॉरकोलचा एचपी कमी झाला की इरप्शनची पॉवरही तेवढीच खाली येते, म्हणजे त्याला नुसता ओरखडा काढलास तरी काम झालं. ह्या कासवाला तू उगाच घाबरलास, तुझा खरा दुश्मन टायरेनिटार.

ट्रिक रूम ही मूव्ह स्वतः मात्र टर्नच्या एकदम शेवटी चालते. हॅटरीन ती लावेपर्यंत तुझ्या दोघांचेही हात मोकळे असतात आणि इथेच तुझा पिकाचू कामाला येतो. त्याला फेक आउट दे. ही मूव्ह मैदानात आल्या आल्या पहिल्याच टर्नला चालते, जवळजवळ सगळ्यांच्या आधी जाते आणि समोरचा त्या टर्नपुरता गार. पिकाचूने हॅटरीनला फेक आउट मारायचा, शेजारच्याने पण तिच्यावरच पूर्ण ताकदीने जायचं, दोघांनी एकीलाच धरायचं. कुणीतरी तुला सांगेल की ग्याराडोसला टॉन्ट (समोरच्याला फक्त हल्ल्याच्याच मूव्ह वापरायला लावणारी मूव्ह) देऊन तिला अडव, तर तसं करू नकोस, बहुतेक हॅटरीनची ॲबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, मॅजिक बाउन्स असते आणि तुझा टॉन्ट तुझ्याच थोबाडावर परत येतो. माझ्या आला होता म्हणून सांगतो.

तरीही लागलीच ट्रिक रूम तर मोज. लावली तो टर्न धरून ५, म्हणजे पुढचे ४ काढायचे. ते कसे काढायचे? तर तू जिला फुकट मूव्ह म्हणतोस ना, त्या प्रोटेक्टने, ती त्या टर्नपुरता आपल्यावरचा हल्ला अडवते. डबलमध्ये प्रोटेक्ट नसलेला पोकेमॉन म्हणजे छत्री न घेता जुलैत बाजारात निघालेला माणूस. एकाने प्रोटेक्ट मारायचा, दुसऱ्याला बदलायचं, पुढच्या टर्नला उलट. एकाच पोकेमॉनने लागोपाठ दोनदा मारू नकोस, दुसऱ्या वेळी चालण्याची शक्यता तीनात एक उरते. भाऊ पाच टर्नची भरती घेऊन येतो, तुला ओहोटीपर्यंत तग धरायचाय, बास.

आता जोड्या. रापण ओढताना दोन्ही दोरांवर माणसं लागतात, एका बाजूने कितीही जोर केला तरी जाळं तिरकं येतं आणि मासळी गेली, डबल बॅटल पण तसंच. ग्याराडोसला इलेक्ट्रिक ४ पट लागतं, म्हणून भाऊ त्याच्यावर थंडरबोल्ट टाकणार हे ठरलेलं. त्याच्या शेजारी लाइटनिंग रॉड ॲबिलिटीवाला पिकाचू उभा कर (साधी स्टॅटिक नको, लपलेली ॲबिलिटी घे), तो थंडरबोल्ट ग्याराडोसला न लागता पिकाचूकडे ओढला जातो, पिकाचूला काही होत नाही, उलट त्याचा स्पेशल अटॅक वाढतो! वर त्याच्या हातात लाइट बॉल दे, साधा आणि स्पेशल दोन्ही अटॅक दुप्पट. फक्त डिस्चार्जसारखी सगळ्यांना लागणारी मूव्ह ओढली जात नाही, तेवढं ध्यानात ठेव. ग्याराडोसने पण बदल्यात काहीतरी द्यायला हवं, तर त्याची इंटिमिडेट आहे, मैदानात आल्याबरोबर समोरच्या दोघांचा अटॅक एक पायरी खाली, म्हणजे रॉक स्लाइड पण तेवढा नरम.

आणि एक, तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये गारचॉम्पने अर्थक्वेक मारला आणि शेजारी पिकाचू उभा होता. हसू की रडू कळेना. अर्थक्वेक शेजाऱ्यालाही लागतो बाबा! गारचॉम्पच्या बाजूला ड्रॅगोनाइट ठेव, तो हवेत आहे, त्याला जमीन हलली काय नि न हलली काय.

सॅलमेन्स आणि चारिझार्डला सुट्टी दे. हारियामा घे, फायटिंग मूव्ह टायरेनिटारला ४ पट लागते आणि त्याला वाइड गार्ड शिकवता येतो, ज्याने रॉक स्लाइड आणि इरप्शन दोन्ही अडतात. दुसरा किंगगॅम्बिट, रॉक आणि आइस दोन्ही निम्मं खातो, त्याची स्टील मूव्ह हॅटरीनलाही दुप्पट आणि टायरेनिटारलाही दुप्पट, शिवाय बेस स्पीड ५० म्हणजे भावाच्याच ट्रिक रूममध्ये तो टायरेनिटारच्या आधी हात चालवायची शक्यता जास्त. पण टॉरकोलसमोर त्याला सोडू नकोस, फायर दुप्पट लागतं. सहातले चारच उतरवायचे असतात, तेव्हा भावाची टीम बघून मग ठरव. टेराबद्दल (लढाईत पोकेमॉनचा प्रकार बदलणं) पुढच्या अंकात, आज तुझं डोकं भरलंय.

प्रश्न : माझा मुलगा पोकेमॉन गो खेळतो, देवगडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरून येतो त्याला माझी ना नाही. पण आता म्हणतो बॅटल जिंकायला १०० टक्केवाले पोकेमॉन लागतात आणि त्यासाठी रेडचे पास विकत घ्यायला हवेत. खरं आहे का?

उत्तर : नाही हो ताई. रेडसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका तगड्या पोकेमॉनशी लढायचं त्यासाठी, १०० टक्केवाला (अटॅक, डिफेन्स, एचपी तिन्ही आकडे १५) बरा, पण मुलं जिथे एकमेकांशी लढतात त्या ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा आकडा) मर्यादा असते आणि सीपीच्या हिशोबात अटॅकचं वजन सगळ्यात जास्त धरलं जातं. त्यामुळे ज्याचा अटॅकचा आकडा ० किंवा १ आणि बाकीचे दोन १५ च्या जवळ, तो त्याच १५०० मध्ये जास्त लेव्हल चढतो आणि जास्त वेळ टिकतो. तुमचे चिरंजीव बहुतेक असलेच कमी अटॅकवाले कचरा समजून प्रोफेसरकडे पाठवत असतील, आधी ते थांबवा. तिथे तिघांची टीम आणि हल्ला अडवायला दोन शील्ड असतात, पहिल्याच हल्ल्याला दोन्ही शील्ड उडवणारा मुलगा पास विकत घेऊनही हरणारच. क्वॅगसायरसारखा साधा पोकेमॉन पण तिथे चांगला चालतो. पावसात वॉटरवाले जास्त दिसतात, म्हणजे आपल्याकडे चार महिने चंगळच. पैसे देऊ नका, छत्री द्या.

प्रश्न : हायड्रो पंप की सर्फ? डबलसाठी विचारतेय. (वेंगुर्ला)

उत्तर : हायड्रो पंपची पॉवर ११० पण पाचात एकदा चुकतो, आणि तो नेमका शेवटच्या टर्नलाच चुकतो हे तू अनुभवलं असशीलच. सर्फ ९०, चुकत नाही, पण लाट आली की होडीतले सगळेच भिजतात, आपला साथीदार पण. शेजारी वॉटर ॲब्सॉर्बवाला असेल तर सर्फ, त्याचा उलट एचपी भरतो. नसेल तर दोन्ही सोड आणि स्काल्ड शिकणारा असेल तर ते घे, पॉवर ८०, चुकत नाही, एकालाच लागतं, आणि ३० टक्के वेळा समोरचा भाजतो.

प्रश्न : माझा व्हीनसॉर लेव्हल १०० आहे तरी मित्राच्या ६२ वाल्याने हरवलं, मित्र चीटिंग करतो का? (दापोली)

उत्तर : नाही. ऑनलाइन रँक बॅटलमध्ये सगळे लेव्हल ५० चेच धरले जातात. मित्राची माफी माग.