पांढऱ्या बॅकलाइटच्या मेकॅनिकल कीबोर्डमधला एकच एलईडी बदलताना

तुमच्या वर्णनानुसार कीबोर्ड पूर्ण आकाराचा आहे, निळे स्विच आतल्या सर्किट बोर्डाला कायमचे सोल्डर केलेले (धातू वितळवून जोडलेले) आहेत आणि बॅकलाइट फक्त पांढरा आहे. ‘आर’ अक्षराच्या बटणाचा दिवा सुरुवातीला लागतो, थोड्या वेळाने लुकलुकतो आणि मग विझतो. ते बटण टाइप मात्र व्यवस्थित करते. वॉरंटी संपली आहे, दुकानदार पूर्ण बोर्ड बदलावा लागेल म्हणतो, आणि तुमच्याकडे २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न आहे. या लक्षणांवरून बोर्ड बदलण्याचे काहीही कारण दिसत नाही. हे काम घरी होण्यासारखे आहे. फक्त त्यातला अवघड भाग नवा एलईडी लावण्याचा नसून जुना काढण्याचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी निदान. अशा कीबोर्डमधले दिवे बहुधा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेले असतात. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी चिप, एका वेळी एकच ओळ पेटवतो आणि ओळी इतक्या झपाट्याने बदलतो की आपल्याला सगळे दिवे सलग लागलेले दिसतात. दोष ओळीच्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा कंट्रोलरच्या पिनमध्ये असता, तर आख्खी ओळ अंधारात गेली असती. बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक मध्येच तुटला असता, तर त्यापुढचे काही दिवे एकत्र गेले असते. शेजारचे सर्व दिवे नीट असताना एकच दिवा त्रास देत असेल, तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्या दोन पायांच्या सोल्डरमध्येच शोधायचा. बटण टाइप होते यावरून मात्र दिव्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण स्विचच्या दोन पिना आणि एलईडीचे दोन पाय ही स्वतंत्र सर्किटे आहेत.

थंड असताना लागणे आणि तापल्यावर विझणे याची दोन कारणे संभवतात. एलईडीच्या आतल्या चिपपासून पायापर्यंत केसासारखी बारीक तार जोडलेली असते. तिचा जोड सुटत आला असेल, तर उष्णतेने प्लास्टिक प्रसरण पावताच तो उघडतो. दुसरे कारण म्हणजे पायाभोवतीच्या सोल्डरला गेलेला तडा, जो साध्या डोळ्यांना दिसतोच असे नाही. म्हणून नवा एलईडी आणण्यापूर्वी कीबोर्ड उघडून त्या दोन सांध्यांवर थोडे फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि किंचित ताजे सोल्डर देऊन ते पुन्हा वितळवून पाहावेत. दिवा तासभर स्थिर राहिला तर काम तिथेच संपले.

तरीही लुकलुकणे चालू राहिले, तर यूएसबी केबल काढून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावा आणि प्रोब एलईडीच्या दोन पायांना टेकवा. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, आणि अनेक मल्टिमीटर या खुणेवर तेवढा दाब देत नाहीत; त्यामुळे दिवा लागला नाही एवढ्यावरून तो मेला असे ठरवू नये. आधी हीच चाचणी शेजारच्या ‘टी’च्या दिव्यावर करा. तो मंद का होईना, लागला आणि ‘आर’ लागला नाही, तर निष्कर्ष पक्का. दोन्ही लागले नाहीत तर मल्टिमीटर अपुरा आहे असे समजून ३ व्होल्टचा बटण-सेल, म्हणजे सीआर२०३२, दोन तारांनी जोडून तीच तुलना करा. दोष फक्त तापल्यावर दिसत असल्याने ही चाचणी दिवा नुकताच विझलेला असताना करणे आवश्यक आहे, नाहीतर थंड झालेला एलईडी तुम्हाला खुशाल लागून दाखवेल.

आता खरेदी. कीकॅप, म्हणजे बटणावरची टोपी, काढून चांगल्या एलईडीकडे नीट पाहा. बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटर व्यासाचा गोल डोक्याचा एलईडी असतो. काहींत चौकोनी, तर काहींत रुंद बुडावर १.८ मिलिमीटरचे बारीक डोके असलेला असतो. हे प्रकार स्विचच्या खाचेत एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही, म्हणून व्हर्नियरने माप घेऊनच दुकानात जावे. गोल एलईडी घेताना बुडाशी कडा नसलेला मिळाला तर उत्तम, कारण कडा असलेला काही स्विचमध्ये पूर्ण खाली बसत नाही आणि मग कीकॅप त्यावर आपटते. पायांवर थांब्यासाठी रुंद केलेले ठोंब असतील तर तो घेऊच नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे एलईडी किरकोळ किमतीत मिळतात. एक न घेता दहा घ्या.

पांढरा रंग म्हणजे निळी चिप आणि तिच्यावरचा फॉस्फर, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणारा पिवळसर थर. फॉस्फरचे प्रमाण बदलले की छटा बदलते, म्हणून नवा पांढरा जुन्या पांढऱ्याशी सहसा तंतोतंत जुळत नाही. ‘आर’ तर सतत नजरेसमोर असणाऱ्या अक्षरांमध्ये आहे. तिथे निळसर ठिपका रोज खटकेल. यावर माझा उपाय असा की ‘स्क्रोल लॉक’ किंवा ‘पॉझ’ यांपैकी एखाद्या बटणाचा जुना एलईडी काढून ‘आर’ला लावावा आणि नवा त्या कोपऱ्यात बसवावा. काम दुप्पट होते, आणि हात बसलेला नसेल तर धोकाही दुप्पट होतो, हे मान्य. त्यामुळे पहिला एलईडी काढताना तुम्हाला कितपत जमते ते पाहून मगच ठरवा.

‘आर’ला लाल दिवा लावला तर चालेल का, असेही तुम्ही विचारले आहे. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये ३.२ व्होल्टचा पांढरा असताना प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रेझिस्टरवर १.८ व्होल्ट पडतात, तर लाल लावल्यावर ३ पडतील, म्हणजे त्याच रेझिस्टरमधून दीडपटीहून अधिक प्रवाह वाहील. जाळीतला दिवा क्षणभरच पेटत असल्याने तो लगेच जळेल असे नाही, आणि प्रवाह स्थिर राखणारी ड्रायव्हर चिप असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तरी रेझिस्टर न बदलता असा प्रयोग मी सुचवणार नाही.

कीबोर्ड उघडण्याबद्दल थोडेच. केबल काढा, फोटो काढा, तारेच्या पुलरने कीकॅप सरळ वर ओढा. स्पेस आणि एंटर यांना खाली आधाराची तार असते, तिथे घाई नको. स्क्रू बटणांच्या मधल्या पत्र्यावर असतात, तसेच मागच्या स्टिकरखाली किंवा रबरी पायांखालीही लपलेले असतात. सगळे स्क्रू निघूनही कव्हर सुटत नसेल तर बाजूचे प्लास्टिकचे खटके जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. आतली यूएसबी वायर तिच्या कनेक्टरला धरूनच ओढावी.

बोर्ड उलटा केल्यावर प्रत्येक स्विचखाली स्विचच्या दोन पिनांचे मोठे सांधे आणि एलईडीच्या दोन पायांचे लहान सांधे दिसतील. एलईडीचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात. योग्य जोडीभोवती मार्करने गोल करा, कारण उलट्या बाजूने पाहताना डावे-उजवे बदलते आणि भलताच एलईडी निघतो. स्विचला हात लावण्याची गरज नाही: एलईडीचे पाय स्विचच्या तळातून आरपार गेलेले असतात आणि खालून सोल्डर वितळले की एलईडी वरून उपसता येतो.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. वाचवायचा आहे तो बोर्ड. निकामी एलईडी काही रुपयांचा आहे, तो तुटला, वितळला तरी चालेल. पण भोकाच्या कडेचे तांब्याचे कडे उचकटले तर काम कितीतरी पटीने वाढते. कडे उचकटते ते दोन कारणांनी: जास्त वेळ दिलेली उष्णता, आणि सोल्डर पूर्ण वितळण्याआधी दिलेला हिसका. कारखान्यातले सोल्डर बहुधा शिसेविरहित असते आणि ते २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते; आपले ६०/४० शिसेयुक्त सोल्डर १८३ ते १९० अंशांतच वितळते. म्हणून जुन्या सांध्यावर आधी आपले ताजे सोल्डर घाला. दोन्ही मिसळले की मिश्रण लवकर वितळते आणि जास्त वेळ पातळ राहते. शिकाऊ मंडळी सोल्डर काढायचे असताना आणखी घालायला कचरतात, आणि नेमके तिथेच बोर्ड खराब होतात.

यापुढची पद्धत अशी. बोर्ड कडेवर उभा धरा, किंवा कोणाला तरी धरायला सांगा. दोन्ही पायांवर मिळून सोल्डरचा एकच मोठा थेंब तयार करा, म्हणजे दोन्ही सांधे त्या थेंबाखाली एकत्र येतील. आयर्नचे टोक थेंबावर ठेवा. दोन-तीन सेकंदांत तो पाऱ्यासारखा चकाकून हलू लागेल. त्याच क्षणी दुसऱ्या हातातल्या चिमट्याने वरून एलईडीचे डोके धरून सरळ ओढा. तो अलगद निघाला पाहिजे. अडला तर ओढणे थांबवा, आयर्न बाजूला करा, अर्धा मिनिट थंड होऊ द्या आणि फ्लक्स लावून पुन्हा करा. सलग तापवत राहिल्यास स्विचचे प्लास्टिकही मऊ होते. डोके तुटून पाय आत राहिले तर हरकत नाही. उलट एकेक पाय वेगळा तापवून खालच्या बाजूने चिमट्याने काढणे सोपे जाते.

नंतर भोके मोकळी करा. सोल्डर शोषणारा पंप दाबून तयार ठेवा, सोल्डर पूर्ण पातळ झाल्यावर त्याचे नाक जवळ नेऊन सोडा. एखादे भोक तरीही बुजलेले राहिले तर सोल्डर तापवून त्यात लाकडी टूथपिक घाला आणि थंड झाल्यावर फिरवून काढा. लाकडाला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल मात्र चुकूनही वापरू नका. दोन बाजूंच्या बोर्डात भोकाच्या आत तांब्याची नळी असते आणि ड्रिलने ती कापली जाते.

तुमचे २५ वॅटचे आयर्न पुरेसे आहे. त्याचे तापमान आपल्याला ठरवता येत नाही, एवढीच अडचण. तापमान बदलता येणारे मिळाले तर ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. टोक स्वच्छ आणि सोल्डरने चकचकीत असावे, कारण काळवंडलेले टोक उष्णता पोहोचवत नाही आणि मग माणूस जोर लावतो. फ्लक्स रोझिनचा घ्या; नळकामाची आम्लयुक्त पेस्ट पुढे तांबे खाते. खिडकी उघडी ठेवा आणि शिशामुळे नंतर हात साबणाने धुवा. पांढरे आणि निळे एलईडी स्थिर विजेला नाजूक असतात, तेव्हा हाताळण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा.

नवा एलईडी बसवताना लांब पाय धन असतो, परंतु बोर्डावरच्या चौकोनी कड्याचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा नसतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. शेजारच्या एलईडीच्या डोक्यात वरून डोकावले तर धातूचे दोन तुकडे दिसतात, एक लहान आणि एक मोठा. सर्वसाधारणपणे मोठा ऋण बाजूचा असतो. नव्यातही ते त्याच बाजूंना येतील असा एलईडी घाला. मग सोल्डर न करताच पाय थोडे फाकवून केबल जोडा, बोर्ड कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा आणि प्रकाश पूर्ण वाढवा. दिवा लागला तर दिशा बरोबर. न लागल्यास पाय हलवून पाहा, तरीही नाही तर उलटा करून पाहा. त्याच वेळी कीकॅप बसवून बटण तळापर्यंत दाबा, ती एलईडीला घासत नाही ना याची खात्री करा.

आता केबल काढून प्रत्येक पाय दोन-तीन सेकंदांत सोल्डर करा, दोन पायांमध्ये थोडे थांबा. एलईडीच्या माहितीपत्रकांत साधारणपणे २६० अंशांवर ५ सेकंदांची मर्यादा असते, आणि इथे डोके सांध्यापासून दूर असल्याने तेवढी ढील मिळते. उरलेले पाय कापताना तुकडे उडतात, डोळ्यांवर चष्मा असू द्या. तळाला धातूचा पत्रा असेल तर टोके त्याला टेकणार नाहीत इतकी आखूड कापा. फ्लक्सचा राप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

कडे उचकटलेच, तर त्या पायापासून त्याच ओळीतल्या किंवा स्तंभातल्या शेजारच्या एलईडीच्या संबंधित पायापर्यंत बारीक इन्सुलेटेड तार लावता येते. कोणता पाय कोणाशी जोडलेला आहे, हे दुसऱ्या चांगल्या बटणांवर मल्टिमीटरच्या बीपने तपासूनच तार लावावी.

हे सर्व एकरंगी, पायवाल्या एलईडीपुरते आहे. कीबोर्ड आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याच्या मिश्रणाने रंग बदलणारा, असता तर उत्तर वेगळे असते. तिथे एलईडी बहुधा बोर्डावर चिकटलेले असतात, आणि पत्ता ओळखणाऱ्या एलईडींची साखळी असेल तर एकातून डेटा पुढे जाणे थांबले की त्यानंतरचे सगळे बिघडतात. अशा वेळी पहिल्या बिघडलेल्याइतकाच त्याच्या आधीचा, दिसायला चांगला असलेला एलईडीही संशयित धरावा लागतो. तसे काम साध्या आयर्नने करण्यापेक्षा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. कॉम्प्युटरच्या दुकानात बहुधा नसणारे गरम हवेचे यंत्र त्याच्या टेबलावर असते, आणि असले बारीक सुटे भाग तो रोजच बदलत असतो.