सहलीचा पैसा गावात थांबतो का?

थंडी सुरू झाली की इंदूरच्या मराठी मंडळांच्या आणि भिशीगटांच्या सहलींचे बेत शिजायला लागतात. महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर सगळं दोन-तीन तासांत गाठता येतं. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी दिसली. आपण जातो त्या गावाच्या पदरात काय पडतं आणि आपल्यामुळे त्याला काय सोसावं लागतं? उत्तरं देताना आम्ही प्रत्येक वेळी दोन गोष्टी पाहिल्या आहेत. पैसा कुणाच्या हातात थांबतो, आणि पाण्याचा-कचऱ्याचा भार कुणावर पडतो.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या 40 जणी बसने एक दिवस महेश्वरला जाणार आहोत. गावावर ओझं न होता, उलट गावाचा फायदा होईल अशी आखणी कशी करावी? (रामबाग)

उत्तर : आधी दिवस बदला. रविवार, अमावास्या, पौर्णिमा आणि नर्मदा जयंती सोडून मधला वार निवडा. गर्दीच्या दिवशी घाटावरच्या माणसांना तसंही काम पुरून उरतं. मंगळवार-बुधवारी मात्र नाववाला आणि खाणावळ दोघंही गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. तुमच्या 40 जणींचा खरा उपयोग त्या दिवशी होतो.

पाणी इंदूरहून न्या. माणशी 3 लिटर धरलं तर 120 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 6 जार. जारवर बसवायचा हातपंप बरोबर ठेवा, नाहीतर धावत्या बसमध्ये जार वाकवताना निम्मं पाणी सांडतं. जार मागच्या सीटखाली दोरीने बांधा आणि प्रत्येकीला घरची बाटली आणायला सांगा. एवढ्यानं शंभरावर प्लास्टिकच्या बाटल्या वाचतात.

जेवण हायवेवरच्या ढाब्यावर उरकलं तर सहलीतली मोठी रक्कम महेश्वरला पोचतच नाही. गावातल्या बचतगटाला किंवा घरगुती खाणावळीला चार दिवस आधी फोन करा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्या. आगाऊ पैसे मिळाले नाहीत तर त्या बायकांना किराणा उधारीवर आणावा लागतो आणि नफा तिथेच झिजतो. दाल-बाफल्याचा बेत असेल तर 40 जणींना जाडसर कणीक 6 किलो, तुरीची डाळ 2 किलो आणि तूप 2 किलो असा अंदाज पुरतो. नेमका आकडा आदल्या दिवशी संध्याकाळी कळवा. बाफले आधी उकडायचे, मग भाजायचे, त्यात दोन तास सहज जातात. त्यामुळे वाटेतून फोन करून जेवणाची वेळ तासभर अलीकडे ओढू नका. घाईत भाजलेले बाफले आत कच्चे राहतात आणि बोल स्वयंपाक करणारीला लागतो.

ताटं स्टीलची मागा, नाहीतर पळसाच्या पत्रावळी. चांदीसारख्या चकाकणाऱ्या कागदी ताट-द्रोणांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो. ते कुजत नाहीत आणि अन्न चिकटलेलं असल्यामुळे भंगारवालाही घेत नाही.

कचऱ्यासाठी दोन गोण्या आणि झाकणाची एक बादली बरोबर ठेवा. उष्टं-खरकटं जेवणाच्या ठिकाणीच गुरांसाठी किंवा खतासाठी मागितलं जातं का ते विचारा. सुका कचरा आणि सॅनिटरी पॅड वेगवेगळे बांधून परत इंदूरला आणा. 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या आपल्या शहरात दाराशी येणाऱ्या गाडीला यासाठी निराळे कप्पे आहेत. छोट्या गावाची ती सोय आपल्याइतकी असेल असं गृहीत धरू नये. पॅडचा विषय बसमध्ये चढतानाच उघडपणे सांगा. संकोचानं कुणी सांगत नाही, मग ते घाटावरच्या स्वच्छतागृहात टाकले जातात, नळी तुंबते आणि ती हातानं मोकळी करायला गावातल्याच कुणाला तरी बोलावलं जातं.

दीपदान करायचं तर कणकेचा दिवा आणि पानांचा द्रोण घ्या. थर्माकोलची वाटी नको. 40 दिव्यांऐवजी आठ जणींत मिळून एक, असे पाच दिवे सोडले तरी श्रद्धेला उणेपणा येत नाही. दिवे मोठ्या बाईकडून घ्या. शाळेच्या वेळेत लहान मुलाकडून घेतले की त्याच्या घरच्यांना त्याला घाटावर पाठवणं परवडायला लागतं. नदीत साबण-शाम्पू अजिबात नको. नावेचा दर चढण्याआधी ठरवा आणि जितकी जीवरक्षक जाकिटं असतील तितक्याच जणी एका फेरीत बसा.

प्रश्न : महेश्वरी साडी हातमागाचीच आहे हे कसं ओळखावं? आणि घासाघीस केली तर विणकराचं नुकसान होतं का? (लोकमान्य नगर)

उत्तर : एकाच खुणेवर विसंबू नका. साडी उजेडात धरा. हातानं ठोकलेल्या विणीत कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ अशी फरकाची रेघ सापडते. यंत्रमागाची वीण शेवटपर्यंत एकसारखी असते. पारंपरिक महेश्वरी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, म्हणून उलट बाजू नीट पाहा. तिथे सुटे धागे लोंबत असतील किंवा नक्षी धूसर असेल तर शंका घ्या. ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा क्रमांक बिलावर लिहून मागा.

नेहमीच्या महेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो. शंका असेल तर दुकानदाराच्या परवानगीनं पदराच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. धागा वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम आहे. पूर्ण सुती आणि पूर्ण रेशमी साड्याही तिथे विणल्या जातात, तेव्हा काय म्हणून विकतायत ते आधी विचारा.

घासाघिशीचं उत्तर माग कुणाचा आहे त्यावर आहे. बरेच विणकर मोठ्या व्यापारी-विणकराकडून सूत घेतात आणि त्यांना साडीमागे ठरलेली मजुरी मिळते. दुकानात तुम्ही दोनशे रुपये कमी केलेत तर त्या दिवशी त्याच्या मजुरीत फरक पडत नाही, पण पुढच्या वेळी मजुरी वाढवून मागितली की ‘गिऱ्हाईक देत नाही’ हे कारण पुढे येतं. विणकर स्वतःच विकत असेल तर त्याच्या किमतीत सूत, रंगाई आणि मंदीचे महिनेही धरलेले असतात. कांड्या भरण्याचं, म्हणजे बाण्याचं सूत गुंडाळून ठेवण्याचं काम तर बहुधा घरातली बाई किंवा म्हातारं माणूस करतं आणि त्याची मजुरी वेगळी कुणी मोजत नाही. म्हणून विणकराच्या दारात घासाघीस करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. किंमत झेपत नसेल तर साध्या काठाची साडी घ्या किंवा दुपट्टा घ्या.

आणखी एक गोष्ट. ‘मला एकच साडी या खास रंगात विणून द्या’ असा हट्ट धरू नका. मागावर एकदा ताणा चढवला की त्यातून एकापाठोपाठ एक अनेक साड्या निघतात, एकीसाठी तो बदलणं परवडत नाही. पण ताणा तोच ठेवून बाण्याचा रंग बदलता येतो आणि त्यातून धूपछांव, म्हणजे दोन रंगांची झाक उतरते. सात-आठ मैत्रिणींनी मिळून ताण्याचा एक रंग ठरवला तर प्रत्येकीची साडी निराळी निघेल आणि विणकराला सलग काम मिळेल. अशी मागणी आगाऊ रकमेसह पावसाळ्यात द्या. तेव्हा पर्यटक कमी असतात, मागणीही कमी असते. दमट हवेत रंगवलेलं सूत वाळायला वेळ लागतो, म्हणून हातात दोन महिने ठेवा.

प्रश्न : महेश्वरला आमचं जुनं घर आहे. खाली एक विणकर कुटुंब भाड्यानं राहतं, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. सगळं घर मोकळं करून होमस्टे काढावा असं मुलगा म्हणतो. (सुदामा नगर)

उत्तर : भाडेकरूंना काढू नका. पर्यटन वाढलेल्या गावात पहिला फटका भाड्यानं राहणाऱ्यालाच बसतो. त्यातून माग मांडायला लांब, उजेडाची, तळमजल्याची खोली लागते. ती गेली की दुसरी सहज मिळत नाही. ज्यांचं विणकाम पाहायला पाहुणे येणार, त्यांनाच घराबाहेर काढून पाहुण्यांसाठी खोल्या सजवण्यात काय अर्थ आहे?

वरच्या दोन खोल्यांपासून सुरुवात करा. घरात राहणारं कुटुंब असावं हा होमस्टेचा मूळ गाभा आहे. तुम्ही इंदूरला राहता, म्हणून नोंदणीआधी मध्य प्रदेश पर्यटन मंडळाकडे सध्याच्या अटी विचारून घ्या. खालच्या कुटुंबाची तयारी असेल तर न्याहारी, चादरी आणि साफसफाईचं काम त्यांना द्या, पण ते लेखी ठरवा. दर खोलीमागे ठरावीक रक्कम द्यायची, आणि ती भाड्यातून वळती करायची नाही. वळती केली की त्यांच्या हाती रोख काही पडत नाही.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर धरतात. चार पाहुण्यांचे 540 लिटर होतात, म्हणून 1,000 लिटरची टाकी वेगळी हवी. ती भाडेकरूंच्या टाकीला जोडू नका, नाहीतर नळ उशिरा आला त्या दिवशी पाहुण्यांची आंघोळ होईल आणि खालच्यांचा स्वयंपाक अडेल. शॉवर लावू नका. बादलीनं 20-25 लिटरमध्ये आंघोळ होते, शॉवरखाली तीच 80 लिटरवर जाते.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. पाहुणे वाढले की त्याआधीच. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब असावा. त्या भागातल्या काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागा कमी, ते भेगांमधून वाट काढतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत उतरू शकतं.

पैसे घेऊन जेवण देणार असाल तर 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे.

प्रश्न : भगोरिया पाहायला जावं की नाही? समाजमाध्यमांवर फार उलटसुलट वाचायला मिळतं. (राजेंद्र नगर)

उत्तर : जावं, पण तो बाजार आहे हे लक्षात ठेवून. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी आणि खरगोन जिल्ह्यांत ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथे भगोरिया भरतो. कामासाठी गुजरातेत गेलेली कुटुंबं सणाला घरी परततात, होळीची खरेदी करतात, नातेवाइकांना भेटतात, मांदलाच्या तालावर नाचतात. ‘मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात तो मेळा’ ही ओळख बाहेरच्यांनी चिकटवली आहे आणि तिथल्या आदिवासी तरुणांनी त्यावर उघडपणे आक्षेप घेतला आहे. ती समजूत डोक्यात घेऊन आलेले लोक मुलींच्या मागे कॅमेरे घेऊन फिरतात. याचा आम्हांला मनापासून राग येतो.

फोटो विचारून काढा, नकार आला तर पुढे चला, ड्रोन नेऊच नका. गाडी बाजाराच्या बाहेर लावा, कारण आतला रस्ता डोक्यावर माल घेऊन चालणाऱ्यांचा असतो. नाचणाऱ्या घोळक्यात बोलावल्याशिवाय शिरू नका. साखरेच्या गाठी, बांबूच्या टोपल्या, बासरी असं काही सांगतील त्या भावात विकत घ्या. ताडी चाखायला म्हणून टोळीनं जाणं टाळा.

प्रश्न : पावसाळ्यात पातालपाणीला मुलांना नेणं सुरक्षित आहे का? (महू)

उत्तर : कठड्याच्या आत राहिलात तर हो. धबधब्याच्या वरच्या पात्रात मात्र उतरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या भागात पाऊस पडला तर लोंढा काही मिनिटांत येतो. जुलै 2011 मध्ये तिथे अशाच लोंढ्यात माणसं वाहून गेली. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून बाहेर या. पुराच्या वेळी वाचवायला आधी धावतात ते आसपासच्या गावांतले लोक, हेही लक्षात असू द्या.

हेरिटेज गाडी चालू असेल तर तिनं कालाकुंडपर्यंत जा. ती मीटरगेजची गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली. स्टेशनवर गावातले लोक पानात बांधून कलाकंद विकतात. तो तिथूनच घ्या, सुटे पैसे बरोबर ठेवा आणि चिप्सची पाकिटं घरूनच नेऊ नका.