रेस दिली की थरथर, सोडली की गप्प

प्रश्न : काका नमस्कार, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, 9 वर्षं झाली, 92,000 किमी चाललीय. गेल्या महिन्यात आई, बायको, दोन्ही मुलं असे सगळे ओंकारेश्वरला गेलो. जाताना गाडी लोण्यासारखी, काही म्हणजे काही नाही. येताना मात्र भेरूघाटात चढायला लागली आणि सुरू झालं, 50 ते 80 च्या मधे रेस दिली की पूर्ण गाडी थरथरते, पाय उचलला की एकदम शांत. उभ्या गाडीत रेस केली तर काही नाही. ओंकारेश्वरला पार्किंगजवळ एका खड्ड्यात चाक जोरात आदळलं होतं म्हणून मला वाटलं रिम गेला, टायरवाल्याकडे नेली, तो म्हणाला "भिया, पहिए का ही मामला है", बॅलन्सिंग केलं, आठवड्याने परत केलं, मग पुढचे दोन टायरही नवीन टाकले. फरक शून्य. आता एकजण इंजिन उघडायचं म्हणतोय. दिवाळीत पुण्याला जायचंय याच गाडीने. काय करू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इंजिन उघडू देऊ नका, आत्ता तरी नाही. आणि टायरचे गेले ते गेले, निदान पावसाळ्यात ग्रिप चांगली मिळेल असं समजा.

तुम्ही पत्रात खड्ड्यावर जोर दिलाय पण मला त्यातलं दुसरंच वाक्य महत्त्वाचं वाटलं, जाताना काही नाही आणि येताना थरथर. अहो, इंदूर माळव्याच्या पठारावर, ओंकारेश्वर खाली निमाडात. सिमरोल सोडलं की जाताना सगळा उतार, गाडी आपोआप घरंगळत जाते, इंजिनला काही ओढावं लागत नाही. येताना तोच घाट पाच माणसं आणि सामान घेऊन चढायचा. म्हणजे खड्डा नसता तरी हे येतानाच कळलं असतं. दुखणं आधीपासून असणार, गावात पलासिया ते राजवाडा करताना एवढा जोर कधी लागतच नाही म्हणून लपून होतं.

आता चाकाचं बघा. बॅलन्स बिघडलेलं चाक तुमचा पाय रेसवर आहे की नाही हे बघत नाही, त्याला फक्त स्पीड कळतो. बायपासवर 90 ला थरथरत असेल तर न्यूट्रल करून बघा, तरी तेवढंच थरथरेल, स्पीड कमी होईपर्यंत. तुमची पाय उचलल्याबरोबर थांबते. इथेच चाक, रिम, बॅलन्सिंग सगळं बाजूला पडलं, ही परीक्षा टायर घ्यायच्या आधी फुकटात झाली असती. (टायरवाल्याला दोष देत नाही, त्याच्याकडे मशीन बॅलन्सिंगचंच आहे, तो दुसरं काय सांगणार.)

राहिले दोन संशयित, इंजिन मिसिंग (एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नाही) आणि ॲक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा, आतला जॉइंट. मिसिंगही जोर लागल्यावरच जास्त कळतं, प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर चढावर दगा देते, म्हणून इंजिनवाल्याचा संशय अगदीच वेडा नाही. पण त्यात पिकप बसतो, गाडी ओढत नाही, आणि बहुतेक वेळा चेक इंजिनचा दिवा लागतो किंवा लुकलुकतो, तुम्ही तसं काही लिहिलं नाहीये. तरी खात्री करायची तर रिकाम्या रस्त्यावर, सुपर कॉरिडॉरला सकाळी लवकर जा, शेजारी कुणाला तरी बसवा, 60 चा स्पीड तिसऱ्या गिअरमधे धरून रेस द्या, मग तोच 60 चौथ्यात. गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात पण चाकाचे तेवढेच राहतात. थरथरीचा ताल बदलला तर इंजिनाकडे बघायचं. जोर थोडा कमीजास्त झाला पण ताल तोच राहिला तर भानगड गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाच्या अलीकडे आहे. आणि त्या पट्ट्यात मुख्यतः ॲक्सलच असतो.

माझा पैसा आतल्या जॉइंटवर. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत प्रत्येक बाजूला एक ॲक्सल आणि त्याला दोन जॉइंट, बाहेरचा चाकापाशी, आतला गिअरबॉक्सपाशी. बाहेरचा खराब झाला की पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी काढताना कट-कट-कट आवाज येतो, तो सगळ्यांना माहीत. आतला आवाज करत नाही, तो थरथरवतो. बहुतेक गाड्यांत आत तीन रोलर असतात, बेलाच्या पानासारख्या तीन कप्प्यांच्या वाटीत पुढेमागे सरकणारे, कारण चाक खालीवर होतं तेव्हा ॲक्सलची लांबी कमीजास्त व्हावी लागते. वर्षानुवर्षं त्याच जागी रोलर घासून वाटीच्या भिंतीला खळगे पडतात. मग जोर लागला की रोलर त्या खळग्यात अडकून सुटतो, एका फेरीत तीनदा. तुमच्या गाडीएवढ्या चाकाच्या 60 च्या स्पीडला सेकंदाला साधारण 9 फेऱ्या होतात, म्हणजे 27 धक्के, हीच ती थरथर. त्यात गाडी डावी-उजवी कंबर हलवल्यासारखी डोलते, स्टिअरिंगपेक्षा सीटखाली जास्त जाणवते, पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा. आणि जोरात रेस दिली की गाडीचं नाक वर येतं, ॲक्सलचा कोन वाढतो, घाटात मागे माणसं बसली की आणखी वाढतो, म्हणून भेरूघाटात सगळं एकदम उघडं पडलं.

गॅरेजमधे गाडी वर घ्या आणि स्वतः खाली वाकून बघा. आतल्या जॉइंटवर काळं रबरी बूट असतं, घडीघडीचं. ते फाटलेलं असेल, आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसेल तर निम्मं उत्तर तिथेच. फाटलं नसलं तरी जॉइंट चांगला असेलच असं नाही, ग्रीस सुकतं. मग मिस्त्रीला ॲक्सल हाताने धरून फिरवायला सांगा, पुढे-मागे थोडासा झटका, दोन्ही बाजूंचा. एका बाजूला फिरवताना टक-टक मोकळेपणा जास्त लागला तर तोच. इथे एक गफलत नेहमी होते, मी स्वतः पाहिलीय. मिस्त्रीने ॲक्सल आत-बाहेर ढकलला, सेंटीमीटरभर सरकला, लगेच निकाल, साहेब जॉइंट गेला. तो तसा सरकायलाच बनवलाय! आत-बाहेरचं सरकणं मोजू नका, फिरवतानाचा ढिलेपणा बघा.

तिथेच इंजिनाचे फाउंडेशन रबरही (ज्यांवर इंजिन बसवलेलं असतं ते) तपासून घ्या, त्यात कंजूषी नको. रबर बसलं की इंजिन-गिअरबॉक्स खाली येतं, ॲक्सलचा कोन बिघडतो, आणि नवा जॉइंटही लवकर खराब होतो. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही घट्ट, क्लच अर्धा सोडून पहिला गिअर, मग रिव्हर्स, आणि दुसऱ्याने बाजूने बघायचं, समोर किंवा मागे उभं कुणी राहायचं नाही. इंजिन थोडं कलतंच, पण उडी मारल्यासारखं हललं तर रबर गेलं.

दुरुस्तीत काय म्हणाल, तर खळगे पडलेल्या वाटीला नवीन ग्रीस भरून काही होत नाही, आठ-पंधरा दिवस शांत राहील आणि परत तेच. वाटी आणि रोलर दोन्ही बदलायचे किंवा पूर्ण ॲक्सल. जॉइंटसोबत पाकिटात ग्रीस येतं तेच वापरा, गॅरेजच्या डब्यातलं कुठलंही चोपडू देऊ नका. ॲक्सल काढला की गिअरऑइल सांडतं, ते परत बरोबर लेव्हलला भरलंय का हे विचारून घ्या, आणि ऑइल सील तेव्हाच नवीन टाका, स्वस्त असतं, नंतर गळलं तर पुन्हा ॲक्सल काढायची मजुरी. चाकाचा मधला नटही नवा आणि टॉर्क पान्याने कसायचा, पाना पाईपने लांब करून अंदाजे नाही.

पुण्याला या अवस्थेत नेऊ नका. जाताना मानपूर, मग सेंधव्याच्या पुढे बिजासन, दोन्ही घाट उतरायचे म्हणून परत गाडी शहाणी वाटेल, आणि परतीला तेच दोन्ही चढायचेत, सगळं सामान आणि दिवाळीचा फराळ घेऊन. दुरुस्ती झाली की आधी घरच्यांना भरून एकदा भेरूघाट चढून या.

प्रश्न : आमची मागच्या चाकांवर चालणारी जुनी व्हॅन आहे, गिअर टाकून क्लच सोडला की खाली खट्ट आवाज, आणि स्पीड धरताना थरथर. हेच का?
— महू

उत्तर : नाही, तुमच्याकडे पुढे ॲक्सल जॉइंटची भानगडच नाही. तुमचा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, गेलाय असं वाटतं, तो खट्ट आवाज त्याची ओळख. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग आणि त्याचं रबरही बघा. अँबॅसडर आणि पद्मिनीवाल्यांना हे तोंडपाठ होतं, 1983 मधे मारुती 800 आली, पुढची चाकं ओढायला लागली आणि घरोघरी क्रॉस हा शब्दच विसरला गेला. एक सांगतो, मिस्त्रीने शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही टोकांना खडूने खूण करायला लावा आणि परत तशीच जुळवून बसवा, अर्धा फेर चुकला तर नवीन क्रॉस टाकूनही थरथर राहते आणि मग तुम्ही मला परत पत्र लिहाल.